मिनिएचर म्हणजे नुसते ‘लहान’ का?

‘मिनिएचर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘लहान’ असाच घ्यावा का आणि तो कोठे वापरावा, असे आपण विचारले आहे. केवळ ‘लहान’ म्हटल्याने हा अर्थ पुरा होत नाही. जी वस्तू एरवी मोठ्या आकारात असते, तिचेच रूप प्रमाणशीर लहान करून घडवले, तर त्या रूपाला मिनिएचर म्हणतात. म्हणून पुण्याच्या पेशवे उद्यानातील फुलराणीला मिनिएचर रेल्वे म्हणता येईल. नेरळ-माथेरान गाडी मात्र दोन फुटी रुळांवरून धावत असली, तरी ती प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली नॅरोगेज रेल्वेच आहे, मग लोक तिला कौतुकाने टॉय ट्रेन का म्हणेनात.

चित्रकलेत हा नियम चालत नाही, कारण तेथे या शब्दाचा मूळ अर्थ टिकून राहिला आहे. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून होणारा तांबडा रंग, अर्थात आपला शेंदूर. युरोपातील हस्तलिखितांत आद्याक्षरे या रंगाने रंगवीत, त्यावरून इटालियनमध्ये पोथीतील चित्रकामाला ‘मिनियातूरा’ म्हणू लागले. त्यात आकाराचा संबंधच नव्हता. पानावर मावणारी चित्रे साहजिकच लहान असत, शिवाय ‘मायनर’, ‘मिनिमम’ यांच्याशी उच्चार जुळला, आणि लहानपणाचा अर्थ या शब्दाला चिकटला तो कायमचा. त्यामुळे कांगडा किंवा बुंदी शैलीचे लघुचित्र ही कोणत्याही मोठ्या चित्राची प्रत नसते. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र फारसी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात १५६५ च्या तालिकोटच्या लढाईचा विषय येतो, आणि त्यातील चित्रे दख्खनी मिनिएचरच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत गणली जातात.

वापराविषयी सांगायचे, तर विशेषण म्हणून हा शब्द बहुधा नामाच्या आधी येतो. ‘माझी खोली मिनिएचर आहे’ अशी रचना इंग्रजीत खटकते, तेथे ‘स्मॉल’ किंवा ‘टायनी’ म्हणावे. घरच्या वीजफलकावरील एमसीबी, म्हणजे ‘मिनिएचर सर्किट ब्रेकर’ ही वीजप्रवाह वाढला की आपोआप बंद होणारी कळ, यातला ‘एम’ याच शब्दाचा आहे. मराठीत चित्रासाठी ‘लघुचित्र’ आणि नमुन्यासाठी ‘लघुप्रतिकृती’ हे शब्द पुरेसे आहेत. ‘सूक्ष्म’ मात्र वापरू नये, कारण तो ‘मायक्रो’साठी रूढ झाला आहे.