शहरात सामूहिक बाग केली तर वस्तीचं आरोग्य खरंच सुधारतं का?

हो, सुधारतं, खाणं, हालचाल आणि मनावरचा ताण या तिन्हींत थोडाथोडा फरक पडतो. याला चांगला आधार आहे तो अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा. तिथे २९१ प्रौढांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना सामूहिक बागेत वाफा दिला, बाकीच्यांना वर्षभर थांबवलं. थांबलेल्यांच्या तुलनेत बाग करणाऱ्यांच्या आहारात तंतुमय घटक दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने जास्त दिसले, हालचाल वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. वजनात मात्र ठोस फरक दिसला नाही, तेव्हा ती आशा धरू नका. माझ्या मते खरा फायदा ओळखीपाळखीचा: आज पाणी कुणाची पाळी, टोमॅटो कुणी तोडले, यावरून का होईना (भांडणंही धरून) शेजारी एकमेकांशी बोलू लागतात. स्वतःच्या गच्चीतल्या कुंड्या हे देत नाहीत.

एक काळजी घ्यायलाच हवी. वर्दळीच्या रस्त्यालगत किंवा जुना रंग सुटणाऱ्या इमारतीजवळच्या मातीत शिसं असू शकतं, आणि ते लहान मुलांना जास्त घातक. आधी माती तपासून घ्या. शंका असेल तर स्वच्छ माती आणून उंच वाफे करा आणि भाजी नीट धुऊन घ्या.