पैसा हातात की पायात? सिम रेसिंगचे प्रश्न, इंदूरची पत्रं

कॉम्प्युटरवरच्या रेसिंगबद्दल या वेळी इंदूरहून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रं आखडून घेतली आहेत. सिम रेसिंग म्हणजे टायरची पकड, गाडीचं इकडून तिकडे सरकणारं वजन, ब्रेकचं तापणं हे सगळं गणितानं मांडणारा खेळ. फोन वाकडातिकडा करून खेळायच्या गेमशी त्याचं नातं फक्त नावापुरतं.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेम चालतील असा पीसी आहे. बाबा तीस हजार देतायत. मित्र म्हणतो, घ्यायचं तर डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंगच घे, नाहीतर पैसे पाण्यात. (राजेंद्रनगर)

मित्र निम्मा बरोबर आहे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टीअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, त्यामुळे टायर सुटतोय हे बोटांना लवकर आणि स्वच्छ कळतं. लॉजिटेकच्या जी-२९ मध्ये मधे गिअर आहेत आणि जोर साधारण २ न्यूटन-मीटर. डायरेक्ट ड्राइव्हपैकी मोझा आर-५ चा ५.५, फॅनाटेक सीएसएल डीडीचा ५, आणि मोठा पॉवर सप्लाय जोडला तर ८. फरक खरा आहे. पण तुझी लॅप त्यानं फारशी सुधारणार नाही. नवशिक्याचा वेळ जातो तो ब्रेकमध्ये.

साधं पेडल पाय किती सरकला एवढंच मोजतं. लोडसेल असलेलं पेडल पायानं किती जोर लावला ते मोजतं, आणि अंतरापेक्षा जोर आपल्या पायाच्या जास्त लक्षात राहतो. म्हणून आमचं मत : तीस हजारांत सेकंडहँड जी-२९, जी-९२३ किंवा थ्रस्टमास्टर टी-३०० बघ. उरलेले पैसे पेडल आणि बैठक पक्की करण्यात घाल. पुढे कधी वाढवायचं झालं तर आधी लोडसेल ब्रेक, मग डायरेक्ट ड्राइव्ह. प्लेस्टेशनही असेल तर एक लक्षात ठेव, जी-२९ प्लेस्टेशन आणि पीसीवर चालतं, जी-९२० एक्सबॉक्स आणि पीसीवर. उलटं जमत नाही.

जुनं स्टीअरिंग घेताना विकणाऱ्याच्या घरी ते लावून बघच. जोडल्याबरोबर ते आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून मधे यायला हवं. अडखळलं, करकरलं किंवा तिरकं थांबलं तर सौदा सोड. मग विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघड आणि ब्रेक अगदी सावकाश दाब. पट्टी सरळ चढत गेली तर ठीक. मधेच उडी मारत असेल तर आतल्या पोटेंशिओमीटरवर (पेडल किती सरकलं ते मोजणारा भाग) धूळ बसली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं हे बरेचदा जातं, पण भाव पाडायला कारण मिळालं! अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे का तेही बघ. जी-२९ चा २४ व्होल्टचा असतो, त्यावर लॅपटॉपचा चार्जर चालवू नकोस.

जी-२९ चा ब्रेक अर्ध्यावर दगडासारखा लागला तर तो बिघाड नाही, आत रबराचा ठोकळा आहे. गेममध्ये कॅलिब्रेशन करताना जिवाच्या आकांतानं दाबू नकोस. रेसभर, दर वळणाला, न थकता लावता येईल तेवढ्याच जोराला शंभर टक्के ठरव.

प्रश्न : सुरुवात कोणत्या गेमनं करावी? पीथमपूरचा ट्रॅक कुठे चालवायला मिळेल का? (सुदामानगर)

पीसी असेल तर असेटो कोर्सा. २०१४ चा गेम आहे, साध्या ग्राफिक्स कार्डावरही पळतो, सेलमध्ये फार स्वस्त पडतो. महिनाभर त्यात एकट्यानं चालवा. ऑनलाइनसाठी मग दोन रस्ते. एक असेटो कोर्सा काँपिटिझिओने, ज्यात जीटी-३ वर्गातल्या रेसच्या गाड्या आहेत आणि लो फ्युएल मोटरस्पोर्ट या सेवेवर फुकट नाव नोंदवून रँकिंगच्या रेस खेळता येतात. दुसरा आयरेसिंग : २००८ पासून चालू, वर्गणीचा, गाड्या-ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात, पण शिस्त सगळ्यांत कडक. त्यातली नवशिक्यांची माझदा एमएक्स-५ वर्गणीतच येते आणि शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. घरी प्लेस्टेशनच असेल तर ग्रान टुरिस्मो ७ पुरेसा आहे, आणि तो साध्या गेमपॅडवरही छान चालतो.

पीथमपूरचा नॅट्रॅक्स हा गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला ११.३ किलोमीटरचा लंबगोल आहे. तसल्या ट्रॅकवर ब्रेकला कामच नसतं, त्यामुळे शिकायला फार काही मिळत नाही. भारतातला ट्रॅकच हवा असेल तर ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट घ्या. ५.१२५ किलोमीटर. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली, म्हणून त्या तीन वर्षांच्या एफ-वन गेममध्ये तो आहे. असेटो कोर्सासाठी हौशी लोकांनी बनवलेलाही मिळतो.

प्रश्न : जोरात ब्रेक मारला की खुर्ची मागे आणि पेडल पुढे जातं. गुळगुळीत टाइल्स आहेत. रिग घेणं परवडत नाही. (रामबाग)

रिग (सीट, पेडल, स्टीअरिंग बसवायचा तयार सांगाडा) कशाला, सुतार गाठा. १८ मिलिमीटर प्लायची १२० बाय ५० सेंटिमीटरची एक फळी घ्या. एका टोकाला पेडल स्क्रूनं आवळा (जी-२९ च्या पेडलला खालून ६ मिलिमीटरचे बोल्ट लागतात, फार लांब घेतले तर आतलं प्लास्टिक फुटेल). दुसऱ्या टोकावर खुर्चीचे पुढचे पाय ठेवा. आता तुम्ही पेडल ढकललं की तीच ढकल खुर्चीला मागे रेटते, पण दोन्ही एकाच फळीवर असल्यामुळे ती फळीतच जिरते आणि तुमचं वजन फळीला धरून ठेवतं. फळीखाली दाराशी टाकतात ती रबरी मॅट.

चाकांची खुर्ची सोडवत नसेल तर फळी तेवढी रुंद करून घ्या, पुढची चाकं तिच्यावर चढवा आणि त्यांच्या मागे लाकडाची पट्टी ठोका. डायनिंग टेबलाची साधी खुर्ची मात्र कधीही सरस. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, तंगडी सरळ होत असेल तर जवळ सरका. पाठ टेकवून हात लांब केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं, ते अंतर बरोबर.

काचेच्या टेबलाला स्टीअरिंगचा क्लॅम्प लावू नका. लाकडाला लावतानाही बोटांनी घट्ट होईल तेवढंच.

प्रश्न : २७ इंची मॉनिटर आहे. सगळं भन्नाट वेगात पळतं, पण वळण कधी आलं ते कळत नाही, दर वेळी उशीर होतो. (तिलकनगर)

तुमचा फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दिसणारा कोन, फार मोठा ठेवलेला असणार. मोठ्या कोनात जवळचं झपाझप मागे जातं आणि लांबचं वळण ठिपक्याएवढं दिसतं. शिंप्याची टेप घ्या, डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. २७ इंची पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि साडेतेहेतीस उंच असतो. डोळे ६० सेंटिमीटरवर असतील तर खरा कोन उभा ३१ अंश, आडवा ५३. डोळे ९० वर असतील तर उभा २१, आडवा ३७. दुसऱ्या आकाराच्या पडद्याला : निम्मी उंची भागिले अंतर, त्याचा इन्व्हर्स टॅन, दुप्पट.

असेटो कोर्साच्या दोन्ही गेममध्ये उभा कोन भरायचा असतो, आयरेसिंग मापं विचारून स्वतः काढतं. आडवा आकडा उभ्याच्या जागी भरणं ही नेहमीची चूक. आणि हे आकडे बघितल्यावर मॉनिटर जवळ ओढायची अक्कल आपोआप येते : स्टीअरिंगच्या मागे लगेच, मधोमध डोळ्यांच्या उंचीला. पहिले दोन दिवस गाडी संथ वाटेल. आरसे दिसत नसतील तर पाच-सात अंश वाढवा, त्याहून जास्त नको.

प्रश्न : फोर्स फीडबॅक शंभरवर ठेवला तर जास्त खरं वाटेल ना? (स्नेहलतागंज)

नाही. फोर्स फीडबॅक म्हणजे टायरचं काय चाललंय ते कळावं म्हणून मोटर स्टीअरिंगवर लावते तो जोर. छोट्या मोटरला जोराची मर्यादा असते. वळणात ती आधीच शंभरावर गेली तर टायर सुटताना होणारा बदल दाखवायला जागा उरत नाही, सगळं सारखंच जड लागतं. असेटो कोर्सात पेडलच्या पट्ट्यांशेजारी फीडबॅकची पट्टी असते. लांब वेगवान वळणात ती सतत लाल राहत असेल तर गेन (हा जोर किती ठेवायचा तो आकडा) पाच-पाचनं उतरवा. कर्बवर (वळणाच्या कडेचा रंगीत उंचवटा) क्षणभर लाल झाली तर हरकत नाही. ड्रायव्हरमधली सेंटरिंग स्प्रिंग बंद, फिरण्याचा कोन ९००, आणि गाडीप्रमाणे कमीजास्त करायचं काम गेमवर सोडा.

प्रश्न : वय १६. वळणाच्या मधे गाडी गर्रकन फिरते. ब्रेक तर बरोबर मारतो. (वैशालीनगर)

ब्रेक बरोबर मारत असशील, पण सोडत कसा आहेस? टायरकडे पकड मोजकीच असते. सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. ब्रेक सरळ रेषेत आणि चटकन पूर्ण लाव, मग स्टीअरिंग जसजसं वळवशील तसतसा पाय हलका करत ने, वळणाच्या आतल्या टोकापर्यंत. एकदम सोडलास तर पुढचं वजन उसळून मागे जातं आणि गाडी वळायला नकार देते. उलट वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडलास तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. तुझं बहुधा हेच होतंय. दुसरा संशयित म्हणजे गिअर फार लवकर खाली पाडणं, त्यानं मागची चाकं अडकतात. आणि पहिल्या लॅपला टायर गार असतात, तेव्हा हे सगळं दुप्पट जपून.

सराव असा कर. एकच छोटा ट्रॅक (असेटो कोर्सातला अडीच किलोमीटरचा माजोने चांगला), एकच कमी ताकदीची गाडी, वीस लॅपचं पेट्रोल. ब्रेक कुठे मारायचा याची खूण न हलणारी निवड : अंतराची पाटी, कर्बची सुरुवात, डांबराचा जोड. झाडाची सावली नको, गेममधली वेळ बदलली की तीही सरकते. वीसच्या वीस लॅप ट्रॅकबाहेर न जाता आणि एकमेकींच्या एका सेकंदाच्या आत आल्या की मग ब्रेक पाच मीटर पुढे ढकल. तोवर नाही.

गाडी फिरायला लागलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धर. मागच्यांना तू कुठे थांबणार याचा अंदाज येतो.

प्रश्न : आयरेसिंगवरची पहिली ऑनलाइन रेस पहिल्याच वळणावर संपली. मागून ठोकलं दुसऱ्यानं, गुण माझेही गेले. हा काय न्याय? (लोकमान्यनगर)

आयरेसिंग चूक कोणाची हे बघतच नाही. ट्रॅक सोडला तर दंडाचा १ गुण, ताबा सुटला तर २, दुसऱ्या गाडीला जोरात धडक झाली तर ४, आणि धडकेचे गुण दोघांनाही. राग येतो, पण सुरक्षिततेचं रेटिंग किती वळणांमागे दंडाचे किती गुण यावर चालतं. म्हणजे कुणाला न लागता पार केलेली शंभर वळणं एक धडक पचवतात.

म्हणून पहिल्या दहा रेस पात्रता फेरी न करता शेवटून सुरू करा, हवं तर ट्रॅकशेजारच्या पिट लेनमधून. पहिल्या वळणाला नेहमीपेक्षा २०-३० मीटर आधी ब्रेक लावा, कारण पुढचा घोळका लवकर थांबतो आणि त्याच्या मागे हवेचा अडथळा कमी असल्यामुळे तुमचा वेग जास्त असतो. वेगवान गाडी मागून आली तर बाजूला उडी मारू नका, आपली रेषा धरा. ओलांडायची जबाबदारी तिची. ट्रॅकबाहेर गेलात तर ब्रेक धरून उभे राहा, मागून येणाऱ्यांची यादी बघा, जागा झाल्यावर ट्रॅकला समांतर आत या. सगळ्यांत जास्त शिव्या पडतात त्या आडवं आत घुसणाऱ्याला, आणि त्या योग्यच असतात.

युरोपातली गर्दी त्यांच्या रात्री आठला जमते. उन्हाळ्यात ते आपले साडेअकरा, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली ऐन रंगात असते तेव्हा.

प्रश्न : युरोपच्या सर्व्हरवर पिंग दीडशे दाखवतो. खेळणं शक्य आहे का? (राजेंद्रनगर)

आहे. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. तुमच्या गाडीचं गणित तुमच्याच पीसीवर होतं, त्यामुळे स्टीअरिंग उशिरा चालत नाही. त्रास होतो तो पिंग एकशे चाळीसवरून तीनशेवर उड्या मारतो तेव्हा, मग दुसऱ्यांना तुमची गाडी टुणटुण दिसते. ते बहुतेक वायफायचं काम. हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ ची केबल टाका. वीज गेली की इन्व्हर्टर येईपर्यंत राउटर बंद पडतो, त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू असेल तर पीसीसुद्धा सहसा तग धरतो.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे. म्हणतो, यावरच गाडी शिकलो, आता क्लासची गरज नाही. (एक आई, रामबाग)

गरज आहे. लांब नजर ठेवणं आणि झटके न देता पाय चालवणं त्याला आलं असेल, ते उपयोगी पडेल. पण मान वळवून बघणं, अर्ध्या क्लचवर चढावाला गाडी धरणं, उलट्या बाजूनं येणारी ई-रिक्षा, यातलं काही गेममध्ये नाही. २०११ साली ग्रान टुरिस्मोच्या स्पर्धेतून निवडला गेलेला यान मार्डेनबरो खरा रेसर झाला हे तो तुम्हाला सांगेलच. त्यालाही आधी खऱ्या गाडीत बसवून शिकवलं होतं, हे तुम्ही त्याला सांगा.