पांढरं कव्हर, कोरं लेबल : डिलनच्या बुटलेग घेताना

प्रश्न : माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तिथे रेकॉर्डच्या बाजारात त्याला अमेरिकन गायक बॉब डिलनची 'ग्रेट व्हाइट वंडर' ही बुटलेग मिळतेय, विकणारा म्हणतो 1969 ची ओरिजिनल आहे. सोबत रेकॉर्डवरच डिलनचा फोटो असलेली एक पिक्चर डिस्क पण देतोय. दोन्ही घ्यायला सांगू का? बुटलेगमधे, म्हणजे परवानगीशिवाय चोरून काढलेल्या रेकॉर्डमधे, ओरिजिनल असं काही असतं का मुळात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असतं, नक्कीच असतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. 'ग्रेट व्हाइट वंडर' ही रॉकमधली पहिली गाजलेली बुटलेग, 1969 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला निघाली, दोन रेकॉर्डचा संच. त्यातला बराचसा भाग डिसेंबर 1961 मधे मिनियापोलिसला घरगुती टेपवर घेतलेला, म्हणजे डिलन विशीतला, नुसती गिटार आणि माउथऑर्गन, आणि त्यात 1967 ची ती तळघरातली गाणी मिसळलेली, जी त्याने वुडस्टॉकजवळच्या 'बिग पिंक' नावाच्या घरात द बँड या त्याच्या साथीदार गटाबरोबर वाजवली होती. त्याच्या रेकॉर्ड कंपनीने ती बाहेर काढलीच नव्हती, लोक मात्र ऐकायला तडफडत होते, म्हणून तर हा धंदा उभा राहिला.

आता सुरुवातीच्या प्रतींना साधं पांढरं कव्हर आणि कोरं लेबल, नाव सुद्धा नाही, नावाचा रबरी शिक्का नंतर आला. विचार करा, कोरं कव्हर आणि कोरं लेबल, याची नक्कल करायला काय लागतं? काहीच नाही. त्यामुळे इतर बुटलेगवाल्यांनी लगेच तिच्या कॉप्या काढल्या, चोराच्या घरी चोरीच म्हणा ना, आणि त्या कॉप्याही आता पन्नास वर्षं जुन्या दिसतात, कडा पिवळ्या, कव्हर मळकं. म्हणून भावाला सांगा की कव्हर बघून काही ठरवू नकोस, रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात धर आणि लेबलच्या भोवती गाणं संपल्यावर जी गुळगुळीत पट्टी उरते तिच्यावर कोरलेले नंबर बघ. बुटलेगमधे ते बऱ्याचदा हाताने खरवडलेले असतात. चारही बाजूंचे फोटो काढून घ्या आणि जुन्या संग्राहकांकडच्या प्रतींशी ताडून बघा. विकणारा रेकॉर्ड बाहेर काढू देत नसेल तर तिथेच विषय संपवा.

त्याच काळात लॉस एंजेलिसचंच 'ट्रेडमार्क ऑफ क्वालिटी' नावाचं बुटलेग लेबल होतं, डुकराचं चित्र असलेलं. त्यांच्या रंगीत व्हिनाइलच्या, म्हणजे काळ्याऐवजी रंगीत प्लास्टिकच्या, प्रती आज लोक जीव टाकून शोधतात आणि मला विचाराल तर दिसायला त्या खरंच देखण्या आहेत. पण डुकराच्या चित्राची पण नक्कल होते, नियम तोच, आधी पट्टीवरचे नंबर.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. आवाजासाठी बुटलेग घेऊ नका. तळघरातली गाणी 1975 मधे कंपनीने निवडून काढली आणि 2014 मधे सहा सीडींच्या संचात 138 ट्रॅक दिले. वर्षानुवर्षं 'रॉयल अल्बर्ट हॉल' म्हणून विकली गेलेली 1966 ची कॉन्सर्ट, ज्यात प्रेक्षकातून कुणीतरी 'जूडास', म्हणजे विश्वासघातकी, म्हणून ओरडतं, ती मुळात लंडनची नाहीच, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली आहे, 17 मे ची, आणि ती पण 1998 मधे अधिकृतपणे निघाली. म्हणजे गाणी तिथे स्वच्छ मिळतात आणि पैसे पण ज्याचे त्याला जातात, बुटलेगमधून गाणाऱ्याला एक पैसा मिळत नाही हे विसरू नका. मग बुटलेग कशाला? तर कंपनी देत नव्हती तेव्हा लोकांनी हे संगीत कसं मिळवलं आणि कसं ऐकलं त्याचा तो पुरावा आहे म्हणून. मी तेवढ्यासाठीच घेतो, आणि म्हणूनच नकली पुराव्याला ओरिजिनलचा भाव द्यायला माझा सक्त विरोध आहे.

पिक्चर डिस्क सोडून द्या. अमुक इतक्याच प्रती काढल्या असं सांगतात पण बुटलेगवाल्याच्या आकड्याला साक्षीदार कोण? डिलनचा चेहरा फारच आवडला असेल तर भिंतीवर लावायला फोटोच्या भावात घ्या.

प्रश्न : माझ्याकडच्या पिक्चर डिस्क वाजवल्या की सतत खरखर येते, सुई खराब झाली का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी साधी काळी रेकॉर्ड लावून बघा, ती स्वच्छ वाजली तर सुई ठीक आहे. पिक्चर डिस्कमधे छापलेला कागद आत असतो आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर, खाचा त्या थरात दाबलेल्या असतात, त्यामुळे मागे सतत सूं आवाज राहतो, अगदी नवी कोरी असली तरी. बुटलेगमधे तर मूळ टेपच कितव्यांदा कॉपी केलेली असते कोण जाणे, मग तो आवाज अजूनच टोचतो. पुसून थोडा फरक पडेल, पूर्ण जाणार नाही. उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नको, आणि भिंतीवर लावणार असाल तर खिडकीच्या समोरची भिंत टाळा, आपल्याकडच्या उन्हात चित्राचा रंग उडतो आणि रेकॉर्ड वाकडी होते ती वेगळीच.