दाढेत सिमेंट भरून दहा दिवस झाले, तरी थंड पाणी लागलं की कळ येते. काय करू?

मी दातांची डॉक्टर आहे. फिलिंग झालेल्या पेशंटचे असे फोन मला नेहमी येतात. दहा दिवस म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण कळ कधी येते आणि किती वेळ टिकते याकडे आधी नीट लक्ष द्या. उपाय त्यावरच ठरतो.

थंड किंवा गोड लागल्यावर चटकन कळ येऊन काही सेकंदांत जात असेल, तर दाताची नस फक्त चिडलेली आहे. वरच्या कवचाखाली डेन्टिनचा थर असतो. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात, नळ्यांत द्रव असतो, आणि थंडाने तो हलला की नसेला कळ जाणवते. कीड जितकी खोल, तितका हा त्रास जास्त. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरलं असेल तर तेही निळ्या लाइटखाली घट्ट होताना किंचित आकसतं आणि दाताला ताण देतं. बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत हे आपोआप शांत होतं. कळ हळूहळू कमी होतेय ना, एवढं पाहा.

तोवर मऊ ब्रश वापरा, मिशरी असेल तर बंदच करा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दोन्ही वेळा लावा आणि नंतर खळखळून चुळा भरू नका, नुसतं थुंका. गुण यायला दोनेक आठवडे लागतात. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असेल तर ती जास्त उपयोगी पडते, भरलेल्या सिमेंटच्या खाली मात्र ती पोचत नाही. कोकम सरबत, लिंबू, चिंच खाल्ल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या. लवंगेच्या तेलाचे बोळे दिवसभर ठेवू नका, हिरडी भाजते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. भाकरी किंवा दाणे चावताना त्याच दाढेत दुखतं का? दात मिटल्यावर ती दाढ इतरांच्या आधी टेकते का? तसं असेल तर फिलिंग उंच राहिलंय. भूल दिलेली असताना पेशंटला आपला चावा नीट सांगताच येत नाही, त्यामुळे हे अगदी चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही होतं. कार्बनच्या रंगीत कागदावर चावायला लावून उंचवटा शोधतात आणि तेवढाच घासतात. पाच मिनिटांचं काम, बहुधा भूलही लागत नाही. लोक संकोचाने महिना महिना दुसऱ्या बाजूने जेवतात, आणि इकडे प्रत्येक घासाला त्या दाढेवर मार बसत राहतो. कृपा करून असं करू नका, जिथे भरून घेतलं तिथे फोन करा आणि जा.

चावून दात उघडताना कळ येत असेल तर दाताला तडा गेलेला असू शकतो, तेही दाखवा.

थंड लागल्यावर ठणका मिनिटभर राहतो, गरम चहाने दुखणं वाढतं, काही न खाता रात्री झोपेतून जाग येते, अशा वेळी पेस्टवर दिवस घालवू नका. नस सुजलेली असते आणि बहुधा रूट कॅनल करावं लागतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊन ते टळत नाही. गालावर सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा.