चौकोनी गाडी घेण्याआधी पार्किंगचा ट्रे आणि मागची सीट मोजा

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र करतो. पुण्यात सोसायटीत घर, सत्तरीतले आई-वडील, तुम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी. रोज शहरातच वीस-बावीस किलोमीटर, महिन्यातून एकदा सातारा. मारुतीची वॅगनआर मनात आहे, पण घरात ‘डबा कशाला घेतोस’ असा सूर आहे. पर्याय म्हणून टाटाच्या पंच आणि टियागो.

डबा म्हणणाऱ्यांचं चूक नाही, पण तो डबा मुद्दाम केलेला आहे. पाय पुढे पसरून बसणाऱ्या माणसाला लांबी लागते, खुर्चीत ताठ बसणाऱ्याला उंची. गाडी लांब करायची नाही आणि गुडघे समोरच्या सीटला टेकूही द्यायचे नाहीत, तर छत वर न्यावं लागतं. जपानमध्ये 1993 साली वॅगनआर आली ती तिथल्या छोट्या गाड्यांच्या लांबी-रुंदीच्या सक्त मर्यादेत. तिथे वाढायला जागा फक्त वरच होती. भारतात ती डिसेंबर 1999 मध्ये आली. सध्याची बांधणी 2019 ची: लांबी 3655 मिमी, रुंदी 1620, उंची 1675, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2435. स्विफ्ट हिच्यापेक्षा 205 मिमी लांब आणि 155 मिमी बुटकी आहे, तरी मागच्या सीटवर डोक्याला आणि गुडघ्यांना वॅगनआरमध्येच जास्त मोकळं वाटतं. ही सगळी करामत उंचीची.

त्या उंचीचा खरा फायदा तुमच्या आई-वडिलांना आहे. बुटक्या गाडीत माणूस आधी खाली बसतो आणि मग पाय आत ओढतो. उतरताना गुडघ्यांवर जोर देऊन वर उठावं लागतं. उंच सीटवर तो फक्त बाजूला सरकतो. गुडघे दुखणाऱ्याला, शस्त्रक्रिया झालेल्याला किंवा नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या बाईला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. शोरूममध्ये आई-वडिलांना घेऊन जा आणि मागच्या सीटवर चार-पाच वेळा चढ-उतार करायला सांगा. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा खाली जात असेल तर ती गाडी त्यांच्यासाठी नाही. टियागो (उंची 1535) बहुतेक इथेच मागे पडेल. पंच (1615) मात्र पास होईल, कारण तिची सीट उंच आहे आणि दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात.

आता ज्याचा कुणी विचार करत नाही ती गोष्ट. बाहेरून 1620 मिमी रुंद गाडीत, दरवाजांची जाडी वजा जाता, मागे खांद्यापाशी साधारण 1300 मिमी उरतात. म्हणजे तिघांना प्रत्येकी 430 च्या आसपास. मुलीची चाइल्ड सीटच तेवढी रुंद असते. ती एका बाजूला लावली की आजी मधे आणि आजोबा दुसऱ्या टोकाला, अशी बैठक होते. शहरात अर्धा तास चालेल. साताऱ्यापर्यंतचे 110 किलोमीटर मधल्या माणसाला जड जातील, कारण मधली जागा अरुंद तर आहेच, शिवाय टेकायला कडक. डोक्यावर भरपूर जागा असून खांदे मात्र आवळलेले, ही उंच-अरुंद गाडीची जन्मजात तक्रार आहे. पंच 1742 मिमी रुंद आहे, आत थोडा श्वास मिळतो, पण तीही तीन मोठ्या माणसांची ऐसपैस गाडी नाही. मुलगी बूस्टरवर (मुलांना उंच बसवणाऱ्या जादा बैठकीवर) बसत असेल तर तो बूस्टर टेस्ट ड्राइव्हला घेऊन जा, मागे ठेवा आणि दोन्ही आजी-आजोबांना बेल्ट लावून बघा. बूस्टरशेजारी बेल्टचं बक्कल दाबलं जातं आणि हात आत जात नाही, ही अडचण माहितीपत्रकात दिसत नाही.

पार्किंगबद्दल. तुमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर बुकिंगच्या आधी सेक्रेटरींकडून ट्रेची (गाडी जिच्यावर उभी राहते त्या वर-खाली होणाऱ्या फळीची) मोकळी उंची लेखी घ्या. सेडानसाठी बनवलेल्या ट्रेमध्ये ती बऱ्याचदा 1550 मिमी असते. त्यात वॅगनआर जाणार नाही आणि पंचसुद्धा नाही. टियागो आणि स्विफ्ट (1520) जातील, तेही छतावर उंच अँटेना नसेल तर. एकाच यंत्रात खालच्या आणि वरच्या ट्रेची उंची वेगळी असू शकते, म्हणून ‘आपल्याकडे सगळ्या गाड्या बसतात’ या तोंडी उत्तरावर विसंबू नका. तुम्हाला मिळालेल्या नंबरचा ट्रे टेपने मोजा.

साधं, जमिनीवरचं पार्किंग असेल तर बाजी उलटते. मुंबईच्या नियमावलीत छोट्या गाडीची जागा 2.3 बाय 4.5 मीटर धरतात आणि पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांतही याहून फार मोठी जागा क्वचितच मिळते. 2300 मधून 1620 गेले की 680 उरतात, म्हणजे दोन्हीकडे 340. पंच उभी केली तर 279. एका बाजूला खांब असला तर हे 60 मिमी म्हणजे आई दारातून बाहेर येणं किंवा आधी गाडी बाहेर काढून मग तिला बसवणं. वळायलाही वॅगनआर सोपी आहे. वळणाची त्रिज्या 4.7 मीटर, काचा मोठ्या आणि उभ्या, मागचा कोपरा कुठे संपतो ते दिसतं. सदाशिव-नारायण पेठेत गाडी घालणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको.

एक गैरसमज मात्र सर्रास दिसतो. गाडी उंच म्हणजे तिचं पोटही उंच, असं नाही. वॅगनआरचा ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि जमीन यांतलं अंतर) 165 मिमी आहे, पंचचा 187. पाच जण आणि सामान बसल्यावर दोन्ही आणखी खाली येतात. पावसात तुंबलेल्या रस्त्यावर छताची उंची काही कामाची नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की थांबायचं, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

वॅगनआरची डिकी 341 लिटर आहे, या आकारात उत्तम. ती खोल आहे, लांब नाही. विमानातल्या केबिन बॅगा उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्या तर जागा वाया जाते. तोंड उंचावर असल्याने गॅसचा सिलिंडर किंवा तांदळाचं पोतं चढवताना कमरेला त्रास होतो, एवढंच. पण सीएनजी घेतलीत तर हे सगळं विसरा. 60 लिटरची टाकी डिकीत आडवी बसते आणि उरते ती दोन पिशव्यांची जागा. टाटाच्या सीएनजी गाड्यांत 30-30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली असतात, त्यामुळे वर वापरण्याजोगी जागा राहते. सामान घेऊन गावी जाणाऱ्या घराने हा फरक जरूर बघावा. आणि सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, ती तारीख विम्याच्या तारखेसारखी लक्षात ठेवावी लागेल. रोजचं बावीस किलोमीटर आणि साताऱ्याची फेरी धरली तर महिन्याला आठशे-नऊशे किलोमीटर होतात. एवढ्यासाठी डिकी घालवून रांगेत उभं राहणं मला तरी पटत नाही.

वॅगनआरच्या इंजिनात 1.0 (998 सीसी, ताकद 67 पीएस) आणि 1.2 (1197 सीसी, 90 पीएस) असे दोन पर्याय आहेत. शहरात एकट्या-दुकट्याला 1.0 पुरतं. पण गाडीचं वजन सव्वाआठशे किलोच्या आसपास, त्यात पाच माणसं आणि बॅगा मिळून साडेतीनशे ते चारशे किलो चढले की वजन जवळजवळ दीडपट होतं. खंबाटकीसारख्या चढावर एसी लावून 1.0 तिसऱ्या गिअरमध्ये दमते, दुसऱ्यात घ्यावीच लागते. सीएनजीवर तर ताकद 57 पीएसच उरते, म्हणून घाटात पेट्रोलवर टाकायची. महिन्यातून एकदा का होईना पण पाच जण जाणार असतील, तर 1.2 घ्या. कागदावरच्या मायलेजमध्ये फरक लिटरला किलोमीटरभराचाही नाही (24.35 आणि 23.56).

हायवेवर आणखी एक गोष्ट जाणवेल. उंच, हलकी गाडी आणि बारीक टायर, त्यामुळे ट्रक किंवा व्होल्वो शेजारून गेली की गाडी हलते, पुलावर आडवा वारा लागतो. ही बिघाडाची खूण नाही. वेग ऐंशी-नव्वदच्या आत ठेवा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे भरलेल्या गाडीचा ठेवा. वळणावर गाडी कलते म्हणून मागे बसलेल्या मुलांना मळमळतं. ब्रेक वळणाच्या आधी मारला, वळणात नाही, तर तक्रार बरीच कमी होते.

एएमटी (क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक) घेणार असाल तर क्लच तोच असतो, फक्त तो पायाऐवजी मोटर दाबते, हे डोक्यात ठेवा. चढावरच्या सिग्नलला ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर क्लच अर्धा टेकलेला राहून जळतो. ब्रेकवर उभं राहायचं. पहिल्यावरून दुसऱ्यात जातानाचा झटका ॲक्सिलरेटर किंचित सोडला की जातो. घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा धरा, नाहीतर गाडी वरचा गिअर टाकत राहते आणि ब्रेक तापतात.

मोठ्या काचांमुळे एप्रिल-मेमध्ये मागचे उकडून निघतात, कारण मागे एसीचे झरोके नाहीत. काळी फिल्म लावायच्या मोहात पडू नका. पुढच्या-मागच्या काचेला 70 टक्के आणि बाजूच्यांना 50 टक्के पारदर्शकता लागते. पुढचे दोन झरोके वर आणि मधोमध वळवा, ब्लोअर तीनवर आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) चालू ठेवा.

आता खरा आक्षेप. माझ्या मते या गाडीवरचा गंभीर आक्षेप दिसण्याचा नाही, सुरक्षेचा आहे. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2023 च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांसाठी एक तारा आणि मुलांसाठी शून्य मिळाला, आणि ताशी 64 किलोमीटरच्या धडकेत सांगाडा अस्थिर ठरला. पंचला 2021 मध्ये पाच तारे मिळाले होते, टियागोला 2020 मध्ये चार. एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी: 2022 मध्ये चाचणीचे नियम कडक झाले, म्हणून जुने आणि नवे तारे थेट ताडून बघता येत नाहीत. पण सांगाडा अस्थिर असणं हे नियम बदलल्याने होत नाही. आता वॅगनआरमध्ये सहा एअरबॅग मिळतात आणि ते चांगलंच आहे, तरी एअरबॅग सांगाड्याचं काम करत नाही.

म्हणून तुमच्या घरासाठी माझा कल असा. रोजचं शहरातलं चालवणं आणि आई-वडील हेच मुख्य असेल, साताऱ्याला एसटीने किंवा भाड्याच्या मोठ्या गाडीने जायची तयारी असेल, आणि ट्रेची उंची पुरत असेल, तर वॅगनआर 1.2 डोळे झाकून घ्या. साताऱ्याची फेरी याच गाडीने आणि मुलगी मागे, असं ठरलेलं असेल, तर मी पंचकडे जाईन. खांबाशेजारचे ते 60 मिमी सोसायचे. ट्रे 1550 चा निघाला तर टियागो उरते, पण मग आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न परत उभा राहतो. अशा वेळी आधी सोसायटीत जमिनीवरची जागा बदलून मिळते का ते विचारा, गाडी नंतर.

किमतीचं बघताना 22 सप्टेंबर 2025 च्या आधीचे व्हिडिओ आणि तक्ते बाजूला ठेवा. त्या दिवसापासून 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह 29 टक्क्यांवरून 18 वर आला आहे. आणि जुनी वॅगनआर बघत असाल तर आरसीवरचा इतिहास तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. टॅक्सीतून खासगीत बदललेल्या या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. मीटर चाळीस हजार दाखवत असेल, पण ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली, क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि मागच्या दरवाजांची हँडल पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेली असतील, तर गाडी कुणाची होती ते समजून घ्या.