कौलं उतरवून पत्रा घालायचा: तीन कोटेशनांचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीत 30 बाय 20 फुटांचं जुनं दुपाखी कौलारू घर. वासे किडलेत, कौलं उतरवून रंगीत पत्रा घालायचाय. पहिल्या फॅब्रिकेटरनं 110 रुपये चौरस फूट सांगितले, "सगळं धरून", म्हणजे तुमच्या हिशोबानं 66 हजार. दुसऱ्यानं किलोचा, फुटाचा वेगवेगळा दर लिहून कागद दिला, त्याची बेरीज 1 लाख 43 हजारांवर जाते, वर जीएसटी. तिसरा सरसकट 1 लाख 95 हजार म्हणतो, कर धरून आणि पत्र्याखाली बबल शीट (उकाडा अडवणारा हवेच्या फुग्यांचा थर) घालून. घरच्यांचं म्हणणं पहिल्यालाच काम द्या, बाकीचे दोघं लुटायला बसलेत.

फॅब्रिकेशनच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्याचं काम 66 हजारांत होणार नाही. तो खोटं बोलतोय असं नाही. तुम्ही घर मोजलंय आणि तो छप्पर मोजणार आहे.

भिंतीबाहेर पाणी टाकायला वळचण लागते. आपल्याकडच्या पावसाला दोन फुटांपेक्षा कमी वळचण म्हणजे भिंत भिजणारच. पुढं-मागं दोन-दोन फूट धरले की 20 चे 24 होतात, एका पाखाला 12. हे 12 फूट आडव्यातले. कौलारू घराचा उतार 30 अंशांच्या आसपास असतो, त्या उतारावर पत्रा पावणेचौदा फुटांच्या वर जातो, म्हणून 14 फुटी मागवायचा. लांबीला 30 चे वळचणीसह 33-34. म्हणजे प्रत्यक्ष छप्पर 600 नाही, सव्वानऊशे चौरस फुटांच्या आसपास.

आता पत्र्याची रुंदी. प्रोफाईल पत्रा, म्हणजे उभार काढलेला, एकूण साधारण साडेतीन फूट रुंद, पण शेजारच्या पत्र्यावर एक उभार चढतो, त्यामुळे झाकतो एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट आणि किंचित वर. बिल मात्र पूर्ण साडेतीन फुटांचं होतं. यात गैर काही नाही, पत्रा तेवढा लागतोच, फक्त आधी माहीत असावं. तुमच्या कागदांत लांबी 34 धरलीय, त्याला एका पाखाला 11 पत्रे लागतात. 33 धरली तर 10 पत्र्यांत बसतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट बाहेर काढण्यापेक्षा पश्चिमेच्या तिकोनी भिंतीकडं दोन फूट काढा आणि पूर्वेकडं एक. पाऊस पश्चिमेकडूनच झोडपतो. दोन्ही पाखांचे मिळून दोन पत्रे वाचले, दुसऱ्या कोटेशनच्या 52 रुपये फूट दरानं सरळ पाच हजार रुपये.

तर 20 पत्रे, 14 फुटी, म्हणजे 280 रनिंग फूट, साडेतीन रुंदीनं 980 चौरस फूट. आता पहिल्याचे 110 या 980 ला लावा: 1 लाख 7 हजार 800. त्याच्या "सगळं धरून" मध्ये आढ्याचा पत्रा, कडेचं फ्लॅशिंग (कड झाकणारी पट्टी) आणि पन्हळ येत नाही, हे तुम्हीच प्रश्नात लिहिलंय. दुसऱ्याच्या दरानं ते 18 हजार. झाले 1 लाख 25 हजार 800. म्हणजे तुम्हाला जो फरक 77 हजारांचा वाटतोय तो प्रत्यक्षात 18 हजारांच्या आत आहे. आणि त्या 18 हजारांत काय जातंय ते बघण्यासारखं आहे.

छपराचा निम्म्याच्या जवळपास पैसा पत्र्याखालच्या लोखंडात असतो. तुमच्या घराला पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पाईपांच्या, एका पाखाला पाच ओळी, दोन्ही मिळून दहा, 33 फुटांच्या. झाले 100 मीटर. दुसऱ्यानं 80 बाय 40 चा, 2 मिलीचा पाईप लिहिलाय, तो मीटरला साधारण 3.6 किलो भरतो, म्हणजे 360 किलो. पर्लिन पेलणाऱ्या चार कैच्या (तिकोनी सांगाडे), प्रत्येकी 70 किलोच्या आसपास. प्लेटा वगैरे धरून 650 किलो. त्याचा दर 72 रुपये पाईप आणि 22 रुपये फॅब्रिकेशन, मिळून 94. गुणलं तर 61 हजार 100, कागदावरच्या आकड्याशी जुळतंय. माणूस सरळ दिसतो.

पहिल्यानं फक्त "80-40 चा पाईप" लिहिलंय, जाडी लिहिली नाही. बाजारात तोच पाईप 1.2 मिलीत पण मिळतो. बाहेरून बघून कुणाला कळत नाही, रंग मारल्यावर तर मलाही कळणार नाही. 1.2 मिलीत हाच सांगाडा 400 किलोत होतो. अडीचशे किलो कमी, त्याच 94 रुपये दरानं साडेतेवीस हजार. मग स्वस्त कुठं राहिला? 18 हजार कमी घेऊन 23 हजारांचं लोखंड कमी दिलं, वर पत्राही पातळ असेल तर तो वेगळाच.

म्हणून कुणालाही विचारताना चौरस फुटाचा दर विचारू नका. लोखंड किती किलो आणि किती मिली, पत्रा किती मिली, एवढं लिहून मागा. माल दारात उतरल्यावर कुठल्याही वीस फुटी पाईपचा एक नग वजनकाट्यावर टाका. 2 मिलीचा असेल तर 22 किलोच्या जवळपास भरेल. 13 भरला तर गाडी परत पाठवायची, तिथं चर्चा नको. पत्र्याचंही तसंच. 0.50 मिलीचा 14 फुटी पत्रा 18-19 किलो भरतो आणि 0.35 चा 13 च्या आसपास. दोन माणसांनी उचलला की हातालाही फरक लागतो.

पत्र्याच्या जाडीत एक गोम आहे. 0.50 म्हणजे पोलाद, वरचा जस्त-अल्युमिनियमचा थर आणि रंग, सगळं मिळून. नुसतं पोलाद 0.45 किंवा त्याहून थोडं कमी. काही दुकानदार एका पत्र्याची एकूण जाडी सांगतात आणि दुसऱ्याची नुसत्या पोलादाची, आणि गिऱ्हाईक दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतं. दोन्हीकडं एकूण जाडी विचारा. दुसरं विचारायचं ते लेपाचं. एझेड 150 म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम लेप, एझेड 70 म्हणजे 70 ग्रॅम. रंग तोच, चकाकी तीच, आयुष्य वेगळं. नावाजलेल्या कंपन्यांच्या पत्र्यावर मागच्या बाजूला ही सगळी माहिती छापील ओळीत असते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडं कॉईलवरून (पत्र्याच्या गुंडाळीवरून) मापात पत्रा काढून देतात, तिथं जाऊन स्वतः ती ओळ वाचा. मापात काढलेला पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड येतो, मधे आडवा जोड राहत नाही, हे सगळ्यात मोठं सुख.

आता वाऱ्याचं. हे कोटेशनमध्ये कुठंच दिसत नाही, पण माझ्या मते तुमच्या घराला हेच सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या छपरावर आज बाराशे-तेराशे मंगलोरी कौलं असतील, त्यांचंच वजन तीन टनांच्या पुढं. ते छप्पर स्वतःच्या भारानं भिंतीवर बसलंय. पत्रा सगळा मिळून चारशे किलोपण नाही, सांगाडा धरून टनभर. वळवाचा वारा वळचणीखालून शिरला की हे छप्पर उडायला बघतं. कौलारू घरात भिंतीवर नुसता वासा टेकवला तरी चालत होतं, इथं चालत नाही. कैचीच्या पायाखाली बेस प्लेट आणि ती काँक्रीटमध्ये अँकर बोल्टनं धरलेली पाहिजे.

आणि तुमच्या भिंती मातीत बांधलेल्या विटांच्या. 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही पुरांत पाण्यात उभ्या होत्या म्हणता. मातीच्या सांध्यात अँकर बोल्ट मारला तर तो हातानं उपसून येतो. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा बेल्ट फिरवून घ्या, सळई घालून, आणि बोल्ट ओतकामाच्या वेळीच त्यात बसवा. हा खर्च तिघांपैकी एकाच्याही कागदात नाही. गवंड्याकडून वेगळा काढावा लागेल आणि तो चांगलाच लागेल. पण त्याच्याही आधी भिंतीचा पाया आणि खालचे दोन-तीन फूट एखाद्या जाणत्या इंजिनिअरला दाखवा. भिंतीच बसल्या असतील तर वर दीड लाख घालण्यात अर्थ नाही. पैसा कमी पडला तर बबल शीट सोडा, पन्हळ पुढच्या वर्षी लावा. बेल्ट सोडू नका.

उतार कमी केला तर पत्रा कमी लागेल का, असं विचारलंय. लागेल. 15 अंशांवर साडेबारा फुटी पत्र्यात भागतं, 20 पत्र्यांना 30 फूट वाचतात. पण त्यासाठी दोन्ही तिकोनी भिंती उतरवून नव्यानं बांधायच्या, माळ्याची उंची जाणार, आणि पत्रा डोक्याजवळ आला की एप्रिल-मेमध्ये घरात बसवत नाही. आहे तोच उतार ठेवा.

बसवण्याच्या कामात तीन गोष्टींवर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. पहिली, पत्रे पूर्वेच्या टोकाकडून बसवत पश्चिमेकडं यायचं, म्हणजे चढाव्याचं तोंड वाऱ्याला पाठमोरं राहतं. उलट केलं तर प्रत्येक सांधा पावसाकडं तोंड वासून बसतो. दुसरी, स्क्रू. रबराच्या वॉशरचा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, आणि तो वॉशर टेकून किंचित फुगेल इतकाच आवळायचा. मिस्त्री ड्रिल मशीन दाबून धरतात, वॉशर चेपून बाहेर येतो, दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि मग गळतंय म्हणून पत्र्याला दोष. तुमच्या छपराला चारशेच्या वर स्क्रू लागतील, म्हणजे गळायला चारशे जागा. 2500 रुपयांची बाब आहे, इथं हलका माल नको.

तिसरी गोष्ट ग्राइंडर. रंगीत पत्रा ग्राइंडरनं कापला की कडेचा लेप जळतो, ती कड गंजायला मोकळी होते. शिवाय उडालेल्या ठिणग्या शेजारच्या पत्र्याच्या रंगात रुततात. त्या दिवशी काही दिसत नाही. पहिल्या पावसानंतर बघा, नव्याकोऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके, राईएवढे, शेकड्यांनी. कातर किंवा निब्लर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरायला सांगा. आणि स्क्रू मारून झाल्यावर भोकांतून निघालेला लोखंडाचा चुरा त्याच संध्याकाळी मऊ झाडूनं झाडून घ्या, तोही रात्रीच्या दवानं गंजून डाग सोडतो.

वेल्डिंगच्या जोडांवर रेडऑक्साईड पत्रा चढायच्या आधी मारून घ्या. नंतर वरच्या बाजूला ब्रश जात नाही.

तिसऱ्या कोटेशनकडं येतो. दुसऱ्याच्या 1 लाख 43 हजार 560 वर 18 टक्के कर धरला की 1 लाख 69 हजार 400 होतात. तिसरा 25 हजार 600 जास्त मागतोय आणि त्यात बबल शीट आहे. त्यामुळे त्याला लुटारू म्हणता येणार नाही. फक्त त्याच्याकडून किलो आणि मिली लिहून घ्या, लिहून देत नसेल तर सोडून द्या. बबल शीटनं उकाडा थोडा कमी होतो, पावसाचा आवाजही थोडा दबतो, पण चमत्काराची अपेक्षा नको. ती पत्र्याखाली आत्ताच घालावी लागते, मागाहून नीट बसत नाही. तुमच्या घराला लाकडी माळा आहे आणि तो ठेवणार आहात, तर माझ्या मते बबलशिवाय चालेल.

"बिल नको, 18 टक्के वाचवा" असं पहिला म्हणाला असेलच. कंपनीची पत्र्यावरची वॉरंटी बिलाशिवाय मागता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

उतरवलेलं लाकूड कुणाचं, हे तिन्ही कागदांत लिहिलेलं नाही. वासे किडलेत, पण आढं आणि तुळया सागाच्या असतील तर त्यांना चांगली किंमत येते. कौलांनाही गिऱ्हाईक असतं. "उतरवणं आमच्याकडं फुकट" म्हणणारा बहुधा त्या लाकडावर डोळा ठेवून असतो. आधी लाकूडवाल्याला दाखवा, मग ठरवा.

पुढं-मागं सोलर बसवायचा विचार असेल तर फॅब्रिकेटरला आत्ताच सांगा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे लोक दोन वर्षांत तिकडं वळतातच. दक्षिणेच्या पाखाला पर्लिन थोडे जवळ घेतले की काम झालं.

वेळेचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये धरा. मे महिन्यात सगळ्यांनाच मृगाआधी छप्पर पाहिजे असतं, मग मिस्त्री सापडत नाही आणि बेल्टचं काँक्रीट ओलं असतानाच कैच्या चढवायची घाई होते.

मी असतो तर दुसऱ्याला काम दिलं असतं. त्याला 33 फुटांचा हिशोब दाखवा, एझेड 150 लिहून घ्या, बेस प्लेट आणि बोल्ट त्याच्या कागदात घालायला सांगा. आगाऊ रक्कम मालापुरती, बाकी टप्प्याटप्प्यानं, आणि शेवटचे दहा-पंधरा हजार पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. याला तो तयार झाला तर अजून निर्धास्त राहा. रंगाचं तुम्ही शेवटी विचारलंय: विटकरी दिसायला छान, पण उकाड्याच्या दृष्टीनं पांढरट किंवा फिकट राखाडी बरा. भिंतीचा आणि माथ्याचा फोटो टाकलात तर बेल्टबद्दल अजून नेमकं सांगता येईल.