स्थळासाठी फोटो काढतेस?

बायोडेटासाठी फोटो हवाय म्हणतेस, तर लगेच स्टुडिओ गाठायची घाई नको. घरात उत्तरेकडची खिडकी असेल तर तिच्याकडे तोंड करून उभी राहा. तिथून सहसा थेट ऊन येत नाही, उजेड मऊ पडतो. पाठ केलीस तर चेहरा काळा येणार. गच्चीवर भर दुपारी तर मुळीच नको; डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि डोळे मिचकावले जातात ते वेगळंच.

खरी वाट लागते ती मोबाइल जवळ धरल्याने. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, कान मागे गेल्यासारखे. कॅमेरा वाईट नसतो, सगळा अंतराचा खेळ. भावाला सहा-सात फूट लांब उभं कर, २ एक्स झूम लावायला सांग आणि फोन तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर धरू दे. चष्मा रोजचा असेल तर काढू नकोस (बघायच्या कार्यक्रमात तोच दिसणार आहे!). काचेवर चमक आली तर हनुवटी किंचित खाली घे.

फ्लॅश वापरणार असाल तर सनस्क्रीनवालं फाउंडेशन टाळ; त्यातल्या झिंक ऑक्साइडमुळे चेहरा पांढराफटक येऊ शकतो. पैठणी नेसलीस तर खांद्यावरचे काठ नीट बसव, पिना आतून लाव.

ब्यूटी मोड बंद. काकू-मावश्यांना आवडतो, पण पाहुणे घरी आले की पंचाईत होते. भरपूर फोटो काढ आणि निवडायला आईला नको, मैत्रिणीला बसव. आईला सगळेच छान वाटतात.